मामांच्या ओळखीचा फोन

या वेळचं पत्र नवी मुंबईतल्या एका वाचक भगिनीचं आहे. नाव आणि नोड, म्हणजे शहरातला भाग, मी मुद्दाम दिलेला नाही. पत्र थोडं आवरून देतो.

«सर, आम्ही सिडकोच्या जुन्या इमारतीत राहतो. माझा मोठा भाऊ सोसायटीचा सेक्रेटरी. पुनर्विकासासाठी कन्सल्टंटला दिलेल्या पैशांचा हिशोब त्याने जनरल बॉडीत मागितला. आठ दिवसांनी रात्री पार्किंगमध्ये दोघांनी त्याला लोखंडी पाइपने मारलं. उजव्या पायाचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. मारणारे ओळखीचे आहेत, एका स्थानिक पुढाऱ्याच्या मागे-पुढे असतात. एफआयआर झाला. तपास एका पीएसआय मॅडमकडे होता. त्यांनी पंचनामा केला, वॉचमनचा जबाब घेतला, सीसीटीव्हीचं चित्रण साठवणारा डीव्हीआर नेणार होत्या. पाचव्या दिवशी त्यांचा सूर बदलला. "ताई, थोडं थांबा, वरून बघतायत," एवढंच म्हणाल्या. मग त्यांना बंदोबस्ताला पाठवलं आणि कागद दुसऱ्या साहेबांकडे गेले. ते म्हणतात, साधी मारामारी आहे, मिटवून घ्या. डीव्हीआर अजून सोसायटीच्या ऑफिसात आहे. माझे मामा म्हणतात, विरुद्ध पक्षाचे एक नेते त्यांच्या चांगल्या ओळखीचे आहेत. त्यांचा एक फोन गेला की दोघं दुसऱ्या दिवशी आत. घरात सगळ्यांना पटलंय. मलाच का कोण जाणे भीती वाटते. काय करू?»

ताई,

आधी डीव्हीआरचं बोलू. तुम्हाला हे मी पत्र मिळाल्या दिवशीच कळवलं होतं, इतर वाचकांसाठी पुन्हा लिहितो. सोसायटीच्या डीव्हीआरची साठवण भरली की जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं आणि त्यावर नवं चढतं. कुठे पंधरा दिवसांत, कुठे महिन्यात. तपास लांबवणाऱ्याला त्यासाठी काहीच करावं लागत नाही, नुसतं थांबलं की काम झालं. म्हणून कमिटीच्या दोन सभासदांसमोर यंत्र बंद करा, तारीख-वेळ मिनिट बुकात लिहा, सह्या घ्या आणि कपाटाला कुलूप लावा. कुणी म्हणालं, माझ्या मोबाइलवर रेकॉर्ड करून घेतो, तर हरकत नाही, पण मूळ यंत्र कुणी उघडायचं नाही. पोलीस नेतील तेव्हा पंचनामा करून, मुद्देमाल म्हणून नेतील. त्या चित्रणाची प्रत कोर्टात दाखल होताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र सोबत लागतं, ते यंत्र ज्याच्या ताब्यात होतं त्याच्या आणि एका तज्ज्ञाच्या सहीचं असतं. तेव्हा ताबा कुणाकडे होता, हे आजपासून कागदावर असू द्या.

आता मामांच्या फोनचं.

मी पोलीस खात्यात तीस वर्षांवर काढली, बरीचशी ठाणे जिल्ह्यात. फोन कसा येतो ते मला ठाऊक आहे. "केस दाबा" असं फोनवर सहसा कुणी म्हणत नाही. "जरा बघून घ्या", "पोरगा आपलाच आहे", "दोन दिवस घाई करू नका" इतकंच असतं. त्या दोन दिवसांत डीव्हीआर पुसला जातो, वॉचमन गावी जातो, हॉस्पिटलचं इजा प्रमाणपत्र "अजून आलेलं नाही" या शेऱ्याखाली पडून राहतं. आणि तपास अधिकारी गणपतीच्या नाहीतर सभेच्या बंदोबस्ताला उभा असतो, इकडे केस डायरीची पानं कोरी.

पण मला तुम्हाला दुसऱ्या फोनबद्दल सांगायचंय. तक्रारदाराच्या बाजूने येणाऱ्या फोनबद्दल. मामा म्हणतात तसल्या.

मी पीएसआय असतानाची गोष्ट. एका निवृत्त शिक्षिकेला घरात शिरून मारहाण झाली, दागिने गेले. बाई अगदी सज्जन, सगळी वस्ती हळहळलेली. रात्री साडेदहाला एका मोठ्या नेत्याचा फोन आला, "सकाळपर्यंत माणूस आत पाहिजे." त्या फोनमध्ये वाईट हेतू नव्हता. त्यांनाही खरंच राग आला होता, मलाही आला होता. आम्ही रात्रीतून वस्तीतलाच एक पोरगा उचलला. आधीच्या दोन चोऱ्यांत त्याचं नाव होतं, तेवढं पुरलं. सकाळी बाई ठाण्यात जबाबाला आल्या तेव्हा तो बाकावर बसलेला होता, ती बाब कुणाच्या ध्यानातच आली नाही. पुढे ओळखपरेड झाली, बाईंनी त्याला ओळखला. ओळखणारच, ठाण्यात पाहिला होता ना.

कोर्टात आरोपीच्या वकिलांनी मला शांतपणे विचारलं, "अटकेच्या आधी तुम्हाला कुणाचा फोन आला होता का?" मी खोटं बोललो नाही. त्या एका उत्तरानंतर आमच्या केसमध्ये काही उरलं नाही. पोरगा निर्दोष सुटला, आणि आज मला वाटतं तो निर्दोष होताच. खरे चोर शेवटपर्यंत सापडले नाहीत. सापडायचे कसे, आम्ही शोधायचं थांबवलं होतं. निकालाच्या दिवशी व्हरांड्यात त्या बाई मला म्हणाल्या, "साहेब, मी त्याला त्या रात्री नीट पाहिलंच नव्हतं हो. तुम्ही सगळे इतक्या खात्रीने बोलत होता, म्हणून मलाही तसंच वाटायला लागलं."

हे वाक्य मी अजून विसरलेलो नाही.

तुमच्या मनात भीती आहे ती याच जागेची आहे, आणि ती बरोबर आहे. तुमच्या भावाची केस मुळात भक्कम आहे. जखम आहे, साक्षीदार आहे, चित्रण आहे, हेतू आहे. अशा केसमध्ये विरुद्ध पक्षाच्या नेत्याचा फोन शिरला की आरोपींना आयता बचाव मिळतो. "राजकीय वैरातून गोवलं" हे आज त्यांना म्हणता येत नाही, उद्या म्हणता येईल. शिवाय फोन करणारे साहेब विसरत नाहीत. तुमच्या इमारतीचा पुनर्विकास व्हायचाय. बिल्डर कोण आणायचा, कन्सल्टंट कोण, हे ठरायच्या दिवशी तेच साहेब मामांना म्हणतील, "त्या वेळी आम्ही उभे राहिलो होतो." हिशोब मागितला म्हणून ज्याचा पाय मोडला, त्या भावाला त्या दिवशी गप्प बसावं लागेल. आणि महापालिकेच्या निवडणुकीत हे दोन पक्ष एकत्र आले तर? आपल्याकडे हे किती वेळा झालंय ते तुम्हाला मी सांगायला नको. ज्या फोनने दोघं आत गेले, त्याच फोनने ते बाहेर येतील.

मग लोकप्रतिनिधीकडे जायचंच नाही का? तसं मी म्हणत नाही. आमदाराने विधानसभेत प्रश्न विचारावा, आयुक्तांना पत्र लिहून तपास कुठवर आला ते विचारावं, तो त्याचा अधिकारच आहे. माझी कसोटी साधी आहे, आणि ती मामांनी त्यांच्या नेत्याला लावून बघावी. त्यांना सांगावं, फोन नको, आपल्या लेटरहेडवर पोलीस आयुक्तांना दोन ओळी द्या, «या गुन्ह्याचा तपास कायद्याप्रमाणे आणि वेळेत व्हावा,» आणि खाली प्रत तक्रारदारास. दिलं तर आनंदाने घ्या. फोन करायला तयार, पण पत्र द्यायला नाही, असं झालं तर मामांना समजावत बसायची गरज पडणार नाही.

लेखी असण्याचं महत्त्व किती, याचा महाराष्ट्रातला दाखला खामगावचा. बुलढाणा जिल्ह्यात २००६ साली अवैध सावकारीच्या तक्रारी एका आमदाराच्या कुटुंबाविरुद्ध येत होत्या. त्या वेळचे मुख्यमंत्री विलासराव देशमुख यांच्या कार्यालयातून पोलीस ठाण्यात फोन गेला, आणि या कुटुंबाविरुद्धची तक्रार थेट नोंदवू नका, आधी जिल्ह्याच्या समितीपुढे ठेवा, सरकारी वकिलाचा सल्ला घ्या, अशी सूचना जिल्हाधिकाऱ्यांमार्फत निघाली. प्रकरण एका शेतकऱ्याने न्यायालयात नेलं. १४ डिसेंबर २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने या हस्तक्षेपावर कडक शब्दांत ताशेरे ओढले आणि राज्य सरकारला दहा लाख रुपयांचा खर्च भरायला लावला. मुख्यमंत्र्यांच्या कार्यालयातला फोन न्यायालयापर्यंत पोहोचला कसा? कारण ठाण्याच्या स्टेशन डायरीत त्याची नोंद झाली होती. कुणीतरी पेन उचलून ती लिहिली. खात्यातल्या नव्या पोरांना मी ही गोष्ट नेहमी सांगायचो. २०१३ साली माजी कॅबिनेट सचिव टी. एस. आर. सुब्रमण्यन यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने सनदी अधिकाऱ्यांच्या बाबतीतही हेच म्हटलं, की तोंडी आदेशावर कामं करू नयेत, आदेश कागदावर आणावेत.

मामा सीबीआयचं नाव काढतील. काढतातच सगळे. पण तिथेही हाच रोग शिरलेला आपण पाहिला आहे. कोळसा खाण वाटपाच्या तपासाचा अहवाल न्यायालयात जाण्याआधी कायदामंत्र्यांना दाखवला गेला, तेव्हा मे २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सीबीआयला पिंजऱ्यातला पोपट म्हटलं, आणि मंत्री अश्वनी कुमार यांना राजीनामा द्यावा लागला. एका मारहाणीची केस सीबीआयकडे जाणार नाही, जायची गरजही नाही. तुमच्या केसचं औषध बेलापूरच्या पोलीस आयुक्तालयापलीकडे शोधावं लागणार नाही.

ते औषध म्हणजे अर्ज. ऐकायला फिकं वाटेल, पण फोनला घाबरणारा अधिकारी कागदाला त्याहून जास्त घाबरतो, कारण फोन करणारा उद्या नाही म्हणू शकतो, कागद नाही म्हणत नाही.

अर्ज वरिष्ठ पोलीस निरीक्षकांच्या नावे करा, प्रत परिमंडळाच्या पोलीस उपायुक्तांना आणि सीबीडी बेलापूरला आयुक्तालयात. अर्जात आरोप लिहू नका. कोणाचा दबाव, कोणाचा पुढारी, यातला शब्दही नको. फक्त प्रश्न. डीव्हीआर अमुक तारखेपासून आमच्या ताब्यात बंद ठेवला आहे, तो जप्त करावा. एक्स-रे आणि डिस्चार्ज कार्ड सोबत जोडलं आहे, इजा प्रमाणपत्र मागवलं का, कोणत्या तारखेला? पाइप जप्त झाला का? असे सहा-सात. मग पोलीस ठाण्यात बारनिशीत, म्हणजे आवक टपाल घेतात तिथे, जाऊन दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. शिक्का, आवक क्रमांक, तारीख, सही, चारही. नुसता गोल शिक्का मारून देतील, त्यावर तारीख अर्धीच उठलेली असेल. तसं असेल तर तिथेच उभं राहून पेनने तारीख घालून घ्या. "साहेब नाहीत, ठेवून जा" म्हणाले तर वाद घालू नका, बाहेर पडा आणि तोच अर्ज पोस्टातून स्पीड पोस्टने पाठवा. पावती त्या प्रतीलाच टाचून ठेवा.

कलमाकडे बारीक लक्ष द्या. "साधी मारामारी" हे नुसतं बोलणं समजू नका, त्यात सगळा डाव आहे. हाड मोडलं की भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ प्रमाणे ती गंभीर दुखापत ठरते. घातक हत्याराने गंभीर दुखापत केली तर कलम ११८(२), शिक्षा किमान एक वर्ष, पुढे दहा वर्षं किंवा जन्मठेपेपर्यंत, आणि हा गुन्हा आपसांत मिटवता येत नाही. तेच कलम ११५(२) वर आणलं की साधी दुखापत, अदखलपात्र, जामीनपात्र, आणि मिटवता येण्याजोगी. मिटवून घ्या म्हणणाऱ्याला आधी कलम उतरवावं लागतं. ते उतरू न देणारा कागद म्हणजे ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी फ्रॅक्चर लिहून दिलेलं प्रमाणपत्र. पत्रात तुम्ही कोणतं कलम लागलंय ते लिहिलेलं नाही. एफआयआरची प्रत तक्रारदाराला मोफत मिळते. काढा आणि आधी ते बघा.

वॉचमन बाहेरगावचा असेल तर त्याची काळजी वाटते. त्याचा जबाब मॅजिस्ट्रेटसमोर नोंदवावा, अशी विनंती अर्जात घाला. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १८३ त्यासाठीच आहे. पोलिसांपुढचा जबाब साक्षीदाराने बदलला तर फार काही करता येत नाही, मॅजिस्ट्रेटपुढचा बदलणं सोपं नसतं. त्याला कुणी धमकावलं तर २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलेली साक्षीदार संरक्षण योजना आहे, जिल्हा पातळीवर अर्ज करता येतो. आणि कृपा करून त्याला तुम्ही स्वतः पढवू नका, पैसे तर अजिबात देऊ नका, गावी जायच्या तिकिटाचेही नाहीत. फोन करणाऱ्यांची वाट ती आहे.

एफआयआरपासून नव्वद दिवसांच्या आत तपास कुठवर आला हे तक्रारदाराला कळवणं पोलिसांवर आता बंधनकारक आहे, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ मध्ये तसं लिहिलंय. तारीख कॅलेंडरवर लाल करून ठेवा. अर्जांना उत्तर नाही, तपास जागचा हलत नाही, असं झालं तर चांगल्या वकिलामार्फत मॅजिस्ट्रेटकडे जा. पोलिसांना तपासाचा आदेश देण्याचा मॅजिस्ट्रेटचा अधिकार त्याच संहितेच्या कलम १७५(३) मध्ये आहे, पूर्वीचं १५६(३). तपास नीट होत नसेल तर मॅजिस्ट्रेट त्यावर लक्ष ठेवू शकतात, हे सर्वोच्च न्यायालयाने साकिरी वासू खटल्यात २००७ मध्येच सांगितलं आहे. तिथे अर्जासोबत प्रतिज्ञापत्र लागतं आणि आधी ठाण्याकडे, मग उपायुक्तांकडे लेखी गेलो होतो हे दाखवावं लागतं. म्हणजे त्या पोचेच्या प्रती.

समजा त्यांनी केस बंदच करायचं ठरवलं. तर 'बी समरी' किंवा 'सी समरी' असा शब्द कानावर येईल. बी म्हणजे तक्रार खोडसाळपणे खोटी, सी म्हणजे खरी-खोटी ठरत नाही किंवा गैरसमजातून झालेली. घाबरू नका. तो पोलिसांचा अहवाल असतो, निकाल नसतो. तक्रारदाराला नोटीस देऊन, त्याचं ऐकून घेतल्याशिवाय मॅजिस्ट्रेटना तो मान्य करता येत नाही, भगवंत सिंग खटल्याच्या १९८५ च्या निकालापासून हा नियम आहे. पत्ता बदलला तर कोर्टाला कळवा, नोटीस परत गेली तर घात होतो.

आता त्या पीएसआय मॅडमबद्दल. पत्रात तुम्ही त्यांच्यावर रागावलेल्या दिसता, तो राग मला पटत नाही. त्यांनी पहिल्या पाच दिवसांत पंचनामा आणि जबाब केला, तुमच्या केसला आज जो आधार आहे तो त्यांनी उभा केलाय. त्यांच्यासारख्यांसाठीच प्रकाश सिंग नावाच्या निवृत्त पोलीस महासंचालकांनी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, दहा वर्षं लढले. २२ सप्टेंबर २००६ च्या निकालात न्यायालयाने राज्यांना बजावलं, की ठाण्याच्या प्रमुखाला किमान दोन वर्षं हलवू नका, बदल्या पोलीस आस्थापना मंडळाकडे द्या, आणि तपासाचं काम कायदा-सुव्यवस्थेच्या कामापासून वेगळं काढा. महाराष्ट्राने २०१४ मध्ये आपल्या पोलीस अधिनियमात दुरुस्ती केली. मंडळं आली, पीएसआयपासून निरीक्षकापर्यंत एका ठाण्यात दोन वर्षांचा कार्यकाळही आला. पण तिसरी गोष्ट, तपास वेगळा करण्याची, बहुतेक ठाण्यांत खऱ्या अर्थाने उतरलेली नाही. त्यामुळे नको असलेल्या अधिकाऱ्याची बदली करायची गरजच पडत नाही. बंदोबस्ताला लावलं की झालं. बदलीला कारण लिहावं लागतं, बंदोबस्ताला कोण विचारतो? या एका फटीतून किती चांगले तपास वाहून गेले ते मी पाहिलं आहे. नागरिक म्हणून मोर्चा काढायचाच असेल तर तो या मागणीसाठी काढा, मी येईन.

म्हणून "वरून बघतायत" हे त्यांचं वाक्य तुमच्या कुठल्याही अर्जात येता कामा नये. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवरही नको, मामांना तर सांगूच नका. ते तुम्हाला माणुसकीने सांगितलं होतं. अर्जात आलं तर केसला त्याचा कणभर उपयोग नाही, आणि त्या बाईंना मात्र त्याची किंमत मोजावी लागेल. पुढे कोर्टात साक्षीला त्या येतीलच, पंचनामा त्यांचा आहे. तेव्हा त्यांचं मन तुमच्याबद्दल स्वच्छ असलेलं बरं.

तुमच्या भावाने हिशोब मागितला ते योग्यच होतं, हे त्याला माझ्याकडून सांगा. तो अर्ज त्याच्या सहीने जाऊ द्या, पाय प्लास्टरमध्ये असला तरी हात चालतोय. बारनिशीत तुम्ही एकट्या जाऊ नका, सोसायटीतलं कुणीतरी सोबत न्या, शक्यतो पक्षाशी संबंध नसलेलं. आणि त्या मॅडम कुठे बंदोबस्तावर उभ्या दिसल्या तर केसचं काही विचारू नका. पाण्याची बाटली हातात असेल तर द्या, नमस्कार करा आणि पुढे चला.